एका पावलाने काय होते?



२०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात आम्ही तिघे धर्मगुरू अमेरिकेतील युटा राज्यात कॅन्यनलँड्स हे राष्ट्रीय उद्यान पाहावयास गेलो होतो. कोलोरॅडो आणि ग्रीन या दोन नद्यांनी लाखो वर्षे खडक कापून तेथे प्रचंड दऱ्या कोरल्या आहेत. पाऊस वर्षाला दहा इंचांहूनही कमी. आपल्याकडे आषाढात तेवढा एकदोन दिवसांत पडून जातो.

कड्याच्या अगदी टोकावर मेसा आर्च नावाची दगडी कमान आहे. तिथवर जाऊन परत येण्याची पायवाट जेमतेम किलोमीटरभराची. वाट सोडू नका, असा फलक आम्ही वाचला होता. तरी एका वळणावर फोटो चांगला येईल म्हणून आम्ही सातआठ पावले आत शिरलो. तोच मागून एका वृद्ध बाईंनी हाक मारली, "कृपा करून थांबा. तुम्ही जिवंत मातीवर उभे आहात."

आम्ही खाली पाहिले. काळपट, खडबडीत, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी माती. सूक्ष्म जीवाणू, शेवाळ आणि दगडफूल यांनी मिळून तो थर विणलेला असतो. त्यांचे बारीक तंतू वाळूचे कण धरून ठेवतात. म्हणून माती वाऱ्याने उडत नाही, पाणी टिकते, झाडाझुडपांना नत्र मिळते. बुटाखाली हा थर क्षणात मोडतो. पुन्हा जमायला वर्षे, कित्येकदा दशके लागतात.

आमच्यातील एक जण पुटपुटला, "एवढ्या अफाट वाळवंटात आपल्या आठ पावलांचे काय?" सेमिनरीत आम्ही कांट शिकलो होतो. सर्वांनीच असे केले तर चालेल का, हे स्वतःला विचारा, असे तो सांगतो. पण मन चतुर असते. ते म्हणते, सर्व जण कुठे करतात? मी एकटाच तर आहे! या पळवाटेला उत्तर पायाखालीच होते. तिथे मोडलेली माती हजारांत वाटून घेण्याजोगी नव्हती. ती पूर्णपणे आमच्याच पायांनी मोडली होती.

दुसरी सबब होती हरणांची. तीही तेथे फिरतातच ना? खरे आहे. पण हरणाने फलक वाचलेला नसतो. आम्ही वाचला होता. कळल्यानंतर "छोटीशी चूक" ही सबब उरत नाही.

आम्ही वाकून माती हाताने सारखी करू लागलो. बाई म्हणाल्या, "राहू द्या, त्याने आणखी मोडेल. आलात त्याच पावलांवर पाय ठेवून परत या." आम्ही तसेच परतलो, एकामागे एक, खाली बघत. फोटो राहिला. पावले मात्र तिथेच आहेत. आम्ही सेवानिवृत्त होऊ तेव्हाही कदाचित असतील.

पश्चात्तापाने मोडलेले लगेच सांधले जात नाही, हे आम्ही तिथे शिकलो. नव्या जागी पाय न टाकता मागे फिरणे मात्र आपल्या हाती असते. शेजाऱ्याविषयी सहज बोललेला एक शब्द, बांधाची हळूच सरकवलेली एक वीत, "एवढ्याने काय होते" म्हणून टाकलेले एखादे पाऊल आपल्याही मागे असेल. या आठवड्यात आपण प्रत्येकाने जरा खाली वाकून पाहावे: आपण कशावर उभे आहोत?

आपले धर्मगुरू