कुणाचे ऐकावे, कुठवर ऐकावे?



'मुलगा ऐकत नाही,' ही पालकांची तक्रार आपल्या घराघरांत असते. आपल्या मराठीत 'ऐकणे' म्हणजे कानाने ऐकणे आणि सांगितलेले मानणेही. लॅटिनमध्येसुद्धा आज्ञापालनाचा शब्द ऐकण्यावरूनच आला आहे. म्हणजे आज्ञापालन हे मेंढरासारखे मान खाली घालून चालणे नव्हे. त्याला कान लागतात, तशीच जागी सद्सद्विवेकबुद्धीही लागते.

शाळेची शिस्त, गृहपाठ, कामाची वेळ, वरिष्ठांनी वाटून दिलेले काम, यांत आपण 'माझे स्वातंत्र्य' पुढे करतो तेव्हा पुष्कळदा तो आपला आळस किंवा अहंकार असतो. प्रभू येशू बाराव्या वर्षी मंदिरात मागे राहिला. पण नंतर नाझरेथला जाऊन तो आईवडिलांच्या आज्ञेत राहिला, असे संत लूक सांगतो.

मात्र आज्ञेला मर्यादा आहे. देवाच्या आज्ञेविरुद्ध जाणारी वरिष्ठांची आज्ञा मानू नये, असे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले. लग्न करावे की व्रतस्थ राहावे, याबाबत आईवडिलांची आज्ञा मुलांवर बंधनकारक नाही, असेही ते म्हणतात. दहावीनंतर मुलाची शाखा परस्पर ठरवणाऱ्या पालकांनी यावर जरूर विचार करावा.

फ्रान्झ येगरश्टेटर हे ऑस्ट्रियातील एक साधे शेतकरी. घरी पत्नी आणि तीन लहान मुली. 1943 साली त्यांनी हिटलरच्या सैन्यात लढण्यास नकार दिला. जखमींची सेवा करण्यास मात्र ते तयार होते. कुटुंबाचा विचार कर, असा सल्ला त्यांना धर्मगुरूंनी, बिशपांनीही दिला. 9 ऑगस्ट 1943 रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. 26 ऑक्टोबर 2007 रोजी ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले. अधिकारपदावर असलेल्या आम्हा धर्मगुरूंनाही यात मोठा धडा आहे.

आपल्यापुढे तलवार नसते. 'न आलेल्या मालाच्या बिलावर सही कर,' एवढेच साहेब म्हणतात. डोक्यावर घराचा हप्ता असतो, मुलांची फी असते. अशा वेळी आपण मनाला दोन प्रश्न विचारावेत. मी नाही म्हणतो ते मला त्रास होतो म्हणून, की ते पाप आहे म्हणून? आणि या नकाराची किंमत मी स्वतः मोजीन, की दुसऱ्यावर ढकलीन? त्रास टाळण्यासाठी दिलेला नकार हा हट्ट होय. पाप टाळण्यासाठी किंमत मोजून दिलेला नकार हे देवाचे आज्ञापालनच होय.

आणि बंधुभगिनींनो, अशी सही नाकारून कुणी नोकरी गमावून घरी बसला, तर 'जगाची रीत कळत नाही' असे म्हणून आपण त्याला हसू नये. त्याच्या घरची चूल पेटती ठेवणे, हे मग आपल्या साऱ्या धर्मग्रामाचे काम आहे.

आपले धर्मगुरू