कोणी कोणास ठेविलें?

मंडळीचें नोंदणीपुस्तक लिहीत बसलेल्या उपदेशकापुढें कधीं कधीं असें एखादें घर येतें, कीं त्यांत पुरुष आहे, स्त्री आहे, मुलें आहेत, पण लग्न झालेलें नाहीं. पुरुषाच्या नांवापुढें लेखणी अडत नाहीं. स्त्रीच्या नांवापुढें मात्र ती थबकते. कारण तिच्यासाठीं शब्द पुष्कळ आहेत, आणि त्यांतला एकही लिहिण्याजोगा नाहीं.

वाचकहो, हे शब्द जरा तपासून पाहूं. 'ठेवलेली' या शब्दांत ठेवणारा एक मनुष्य आहे, आणि ठेविली जाते ती जणू वस्तु. 'रखेली' हा शब्द मागें नेला असतां संस्कृत 'रक्ष्' धातूपर्यंत जातो. अर्थ सांभाळणें, आणि ज्या स्त्रीस तो शब्द लागतो, तिला सांभाळण्यास कोणीच बांधलेला नसतो! 'अंगवस्त्र' तर याहून उघड. खांद्यावर घ्यावें, वाटेल तेव्हां खुंटीस लावावें. लॅटिन 'कॉन्क्युबिना' याचा मूळ अर्थ 'सोबत निजणारी' असा आहे; तोही बहुधा स्त्रीसच लागला, परंतु त्यांत निदान 'सोबत' तरी आहे.

इब्री 'पिलेगेश' यास आपल्या मराठी शास्त्रांत 'उपपत्नी' म्हटलें आहे. शास्ते या पुस्तकाचा 19 वा अध्याय वाचावा. तेथें लेव्याची ती स्त्री उपपत्नी आहे, तथापि तोच लेखक त्यास तिचा नवरा व तिच्या बापास त्याचा सासरा म्हणतो. शब्दांनीं नातें कबूल केलें. पण गिबा येथें रात्रीं संकट दाराशीं आलें, तेव्हां तिलाच बाहेर लोटण्यांत आलें. यावरून नुसता चांगला शब्द पुरत नाहीं हेंही दिसतें.

तरी वाईट शब्दानें भाकर जाते, हें खरें. सन 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानें 'विवाहाच्या स्वरूपाचें नातें' असलेल्या स्त्रीस संरक्षण दिलें. सन 2010 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें एका निकालांत सांगितलें, कीं पुरुषानें मुख्यत्वें भोगासाठीं अथवा चाकरीसाठीं पोसलेली स्त्री या नात्यांत मोडत नाहीं. आणि तिच्यासाठीं 'ठेवलेली' याच अर्थाचा इंग्रजी शब्द योजिला. इंदिरा जयसिंग या सरकारच्या वरिष्ठ वकील होत्या. त्यांनीं त्या शब्दास उघड हरकत घेतली. ती योग्यच होती, असें आम्हांस वाटतें.

कोणी म्हणेल, शब्द कठोर असल्यानेंच पापाचा धाक राहतो. धाक कोणास? पुरुषासाठीं तर शब्दच घडविला नाहीं. विवाहावांचून एकत्र राहणें योग्य आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. सुखाराच्या विहिरीवर प्रभूनेंही तें झांकलें नाहीं. जो आतां जवळ आहे तो तिचा नवरा नव्हे, हें त्यानें तिला तोंडावर सांगितलें. पण तिला नांव ठेविलें नाहीं, आणि पाणी तिच्याच हातचें मागितलें.

तेव्हां उपदेशकानें त्या रकान्यांत 'अविवाहित, एकत्र राहतात' इतकेंच लिहावें, व तें दोघांच्याही नांवापुढें लिहावें. मुलांचीं नांवें त्याखालीं, इतर मुलांच्या लिहितात तशींच.