तीच गाडी?

रुक्मिणीला श्रीकृष्णाने जिथून रथातून नेलं ते कौंडण्यपूर अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी आहे. रथाची एवढी मोठी कथा सांगणाऱ्या या मुलखात आज कुणाच्या गोठ्यामागे अँबेसेडर उभी असते, कुणाच्या वावरात निंबाखाली महिंद्राची जीप, तर कुठल्या गॅरेजच्या मागच्या अंगाला चाकं गेलेली प्रीमियर पद्मिनी. घरातल्या एखाद्याने मनाशी ठरवून टाकलेलं असतं की सवड आणि पैसा जमला की ही गाडी पुन्हा उभी करायची.

काम काढलं की काय काय निघतं, हे मिस्त्रीला ठाऊक असतं. पायाखालचा पत्रा चाळणी झालेला असतो. दरवाजाच्या खालच्या कडेला बोटाने दाबलं तर गंजाचा पापुद्रा हातात येतो आणि त्याआड कधी काळी मारलेल्या लांबीचे थर दिसतात. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, रेक्झिन फाटलेलं, इंजिन जाम. मग इंजिन उतरवायचं, बोअर करायचं, पत्रा कापून नवा जोडायचा, काचा आणि रबरं शोधत भंगार बाजार पालथा घालायचा. हे सगळं झाल्यावर अंगणात जी गाडी उभी राहते, ती आजोबांचीच गाडी म्हणायची का?

हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी एका राजाला विचारला गेला होता. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, तू कसा आलास? राजा म्हणतो, रथाने. मग नागसेन एकेक भाग घेतो. दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? जू? लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. सगळ्यांचा ढीग म्हणजेही रथ नाही, आणि हे सगळं बाजूला काढलं तर रथ नावाचं काही उरत नाही. शेवटी राजाच कबूल करतो की या भागांच्या आधाराने चालणारं ‘रथ’ हे फक्त एक नाव आहे. नागसेनाला यातून माणसाबद्दल बोलायचं होतं. आत कुणी न बदलणारा मालक बसलेला नाही, हे त्याला राजाला दाखवायचं होतं.

इंग्लंडमध्ये हाच वाद 1990 साली कोर्टात गेला. ‘ओल्ड नंबर वन’ नावाच्या बेंटलीने 1929 आणि 1930 अशी दोन वर्षं ल मान्सची शर्यत जिंकली होती. एक कोटी पौंडांचा सौदा ठरला आणि मग घेणाऱ्याने हात आखडता घेतला, कारण 1929 चे सुटे भाग तिच्यात जवळजवळ उरलेच नव्हते. न्यायमूर्ती ऑटन यांनी गाडी अस्सल ठरवली. शर्यतीच्या काळात भाग हळूहळू बदलत गेले, गाडीचा इतिहास कुठे तुटला नाही, म्हणून तिची ओळखही तुटली नाही, असा त्यांचा विचार होता.

निंबाखालच्या गाडीला हा निकाल फारसा कामाचा नाही. तिचा इतिहास वर्षानुवर्षं खंडित आहे. भारताच्या 2021 च्या नियमांत विंटेज नोंदणीसाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. म्हणजे कायद्याने गाडीचा जीव चासी, बॉडी आणि इंजिनात ठेवला. नोंदणीच्या कामाला तेवढं पुरतं. घरच्या माणसाच्या मनातली गाडी मात्र त्या तिघांत मावत नाही.

याचं अधिक पटणारं उत्तर तिवशापासून फार लांब नाही. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे महानुभाव पंथाचं मोठं क्षेत्र, त्या पंथाने अवतार मानलेल्या गोविंदप्रभूंचं गाव. महानुभाव अनुयायी मूर्तीपुढे वाकत नाहीत. अवतारांचा जिथे संबंध झाला त्या स्थानावर ओटा बांधतात आणि त्याला नमस्कार करतात. स्पर्श झालेला दगड, वस्त्राचा तुकडा जिवापाड जपतात. दगड म्हणून त्या दगडात काही वेगळं नसतं, त्याला मोल येतं ते संबंधामुळे.

हा विचार गाडीला लावला की कामाचा क्रमच बदलतो. पायाखालचा पत्रा बदलायला हरकत नाही, तो कुणी हाताळलेला नव्हता. स्टिअरिंगवर जिथे हात सतत असायचा तिथला गुळगुळीतपणा, कोपर टेकून झिजलेली दाराची कड, गिअरच्या दांडीची मूठ, हे मात्र घासूनपुसून तसंच ठेवायला हवं. बहुतेक जण उलटं करतात. चकचकीत रंग, नवं स्टिअरिंग, नव्या सीट, आणि ज्याच्यासाठी एवढा खर्च मांडला तेच भंगारवाल्याच्या गाड्यावर जातं. हे पाहून जीव हळहळतो.

पण याच मुलखातल्या संत गाडगेबाबांचं नाव घेतलं की इथे एक जोरदार आक्षेप उभा राहतो. त्यांनी गाडगं आणि काठीपलीकडे काही बाळगलं नाही, लोकांकडून आलेला पैसा धर्मशाळांना लावला. वस्तूत जीव गुंतवणं त्यांना पटलं असतं असं वाटत नाही. हा आक्षेप खोडता येत नाही, खोडूही नये. पोरांच्या शिक्षणाचे पैसे गंजक्या पत्र्यात घालणाऱ्याला तो ऐकवलाच पाहिजे. पण एखाद्याने ऐपतीत राहून, घरच्यांना सोबत घेऊन बापाची जीप उभी केली, तर त्यात वस्तूचा लोभ कमी आणि माणसाची ओढ जास्त असते, असं मानायला जागा आहे.

दोन मोडक्या गाड्यांची मिळून एक करणाऱ्यांचं काय? एकीची चासी, दुसरीची बॉडी. कागदाला त्यातला एकच क्रमांक चालतो. नागसेन म्हणेल, नाव द्या आणि चालवा. संबंधाच्या हिशेबाने ती नवीच गाडी आहे आणि तिचे संबंध आता जुळायला लागतील. हे लपवण्याचं काही कारण नाही. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या जागतिक संघटनेच्या तुरीन सनदेतही बदललेल्या भागांवर खूण असावी, असं सांगितलं आहे. तिवशाच्या मिस्त्रीलाही हे जमण्यासारखं आहे. गाडी खोलण्याआधी फोटो काढायचे, नव्या पत्र्याच्या आतल्या बाजूला वर्ष कोरायचं, आणि उतरवलेल्या जुन्या भागांना चिठ्ठ्या बांधून ते पेटीत ठेवायचे.