बाकीच्या मुलांचं काय झालं?

"मी सांगून टाकलं, गेली सगळी आपापल्या घरी. दुसरं काय सांगणार?" वहिनी म्हणाल्या.

प्रश्न त्यांच्या पाच वर्षांच्या नातवाचा आणि निमित्त वॉल्ट डिस्नेच्या १९४० सालच्या 'पिनोकिओ'चं. या चित्रपटावरून बघणाऱ्यांत सरळ दोन तट पडतात. हाताने रेखाटलेल्या चित्रपटांत याच्या तोडीचं काम पुन्हा झालं नाही, असं एक तट म्हणतो. दुसरा म्हणतो, मुलांना हा दाखवूच नये. मी पहिल्या तटातला. वहिनींची सगळी हयात प्राथमिक शाळेत गेली, त्या दुसऱ्या.

"खोटं बोललं की नाक वाढतं हे ज्या सिनेमाने जगभरच्या पोरांना शिकवलं, त्याच्याचबद्दल तुम्ही खोटं बोललात," मी म्हणालो.

"माझं नाक आहे तेवढंच आहे, बघून घ्या भाऊजी. त्या गाडीवानाचं काय वाकडं झालं, ते आधी सांगा."

काहीच झालं नाही, हे मला मान्य करावंच लागलं. हा गाडीवान उनाड पोरं गाडीत भरतो आणि मौजेच्या बेटावर नेऊन सोडतो. तिथे बिअर आहे, सिगार आहेत, घराची मोडतोड करायला मुभा आहे आणि अडवणारं कुणी नाही. मग पोरांची गाढवं होतात. गाडीवान एकेकाला पुढे ओढून नाव विचारतो. जो नुसताच गाढवासारखा ओरडतो त्याच्या अंगावरचे कपडे ओरबाडून काढतो आणि त्याची रवानगी खोक्यात करतो. खोकी जाणार मिठाच्या खाणीत, सर्कशीत. एक गाढव मात्र अजून बोलू शकतं. ते आपलं नाव अलेक्झांडर असं सांगतं आणि आईकडे जायचं म्हणून रडतं. त्याला बाजूला कोंडतात, कारण बोलणारं गाढव विकता येत नाही.

"इथेच तो माझ्या मांडीवर येऊन बसला," वहिनी म्हणाल्या. "पुढचा सिनेमा त्याने पाहिला असं मला वाटत नाही. डोळे उघडे होते एवढंच."

मी ठरलेली बाजू मांडली. मुलांच्या गोष्टीत भीती कधी नव्हती? आपल्या चिऊताईनेही भिजलेल्या कावळ्याला दाराबाहेर ताटकळत ठेवलंच की. आणि मूळ 'पिनोकिओ' तर याहून कठोर. कार्लो कोलोदीने १८८१ मध्ये इटलीतल्या मुलांच्या साप्ताहिकात ती क्रमशः लिहायला घेतली, तेव्हा पिनोकिओला झाडाला फासावर लटकवून गोष्ट संपवलीच होती. लोकांना पुढचं हवं होतं म्हणून ती पुन्हा सुरू झाली. उपदेश करणारा रातकिडा तिथे सुरुवातीलाच हातोडा लागून मरतो. डिस्नेने उलट सगळं सौम्य केलं.

"चिऊकाऊची गोष्ट मी सांगते तेव्हा माझं लक्ष पोराच्या तोंडाकडे असतं. ओठ थरथरायला लागले की चिऊ लगेच दार उघडते. तुमच्या डिस्नेला माझ्या नातवाचं तोंड दिसत होतं का? आणि बेटावर पिनोकिओबरोबर गाढव होणारा तो मित्र, लँपविक, त्याचं कोलोदीच्या पुस्तकात शेवटी काय होतं?"

"गाढव म्हणूनच मरतो. पिनोकिओच्या डोळ्यांदेखत."

"म्हणजे निदान भेट तरी घडवली. सिनेमात नावसुद्धा काढत नाहीत हो कुणी! पिनोकिओ बेटावरून पळाला, बापाला माशाच्या पोटातून सोडवला, घरी येऊन सगळे नाचले. त्या खोक्यांतल्या पोरांचं काय, हे त्याचा बाप जेपेटो विचारत नाही, परी विचारत नाही, तुम्ही साठी ओलांडली तरी विचारत नाही. विचारलं ते एका पाच वर्षांच्या मुलाने."

हे लागलं. मी म्हणालो, "पण तोच तर त्या सिनेमाचा प्रामाणिकपणा. जगात सगळेच सुटत नाहीत."

"अस्सं? एकाला मेलेला उठवायचा असला की परी हजर, आणि बाकीच्यांच्या वेळी जगाची रीत आठवते?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी दुसरीकडून शिरलो. पिनोकिओ आणि लँपविक यांच्यात फरक तो काय? दोघांनी सिगार ओढली, दोघे बिलियर्ड खेळले. लँपविकचे हात पिनोकिओला धरून गयावया करताना खूर होतात, भिंतीवरच्या सावलीत तो चार पायांवर येतो, आईला मारलेली हाक अर्ध्यात गाढवाची होते. पिनोकिओलाही कान फुटतात, शेपूट येते. तो वाचतो कशामुळे? रातकिडा लँपविकशी भांडून, फणकाऱ्याने बेट सोडून निघालेला असतो, म्हणून धक्क्यावरची गाढवं त्याच्या नजरेला पडतात. तो रुसला नसता तर दोघेही गेले होते. गुणी मूल वाचतं असं सिनेमा तोंडाने म्हणतो, दाखवतो मात्र भलतंच: ज्याच्या मागे कुणी धावत आलं, तो वाचला. याहून धीट गोष्ट मुलांच्या सिनेमात मी पाहिलेली नाही.

वहिनी बराच वेळ बोलल्या नाहीत. मला वाटलं, जिंकलो.

"हे तुम्ही काढलंत," त्या म्हणाल्या, "सिनेमाने नाही. सिनेमाला हे म्हणायचं असतं तर शेवटी त्या रातकिड्याला सोन्याचा बिल्ला दिला नसता. पहिल्याच दिवशी झोपून राहिला तो! पोरगा एक दिवसाचा, त्याला बरं-वाईट कळत नाही म्हणून विवेक बाहेरून नेमून दिलेला. तो कामावर उशिरा येतो, तोवर कोल्हा पोराला गाठतो. शिक्षा पोराला, बिल्ला रातकिड्याला. आमच्या खात्यात असलं पुष्कळ पाहिलंय."

मला हसू आलं, त्यांना नाही. एका पोराला बाकावर उभं करून वर्गाला धाक घालणारे मास्तर त्यांनी जन्मभर पाहिले होते, आणि मौजेचं बेट म्हणजे त्यांच्या लेखी तोच बाक.

मग मी २०२२चा, गिएर्मो देल तोरोचा 'पिनोकिओ' काढला. तो मुसोलिनीच्या इटलीत घडतो. मौजेच्या बेटाच्या जागी तिथे पोरांना सैनिक बनवणारं शिबिर आहे. म्हणजे संकट येतं ते उनाडक्या केल्या म्हणून नाही, ऐकलं म्हणून. तो मुलगा, लँपविकच्या जागचा, प्रत्यक्ष बापाच्या हुकमाला नाही म्हणतो.

"डिस्नेचा कधीचा म्हणालात? चाळीसचा ना?"

"फेब्रुवारी १९४०. युरोपात लढाई पेटलेली, तिकडची थेटरं हातची गेली, म्हणून सुरुवातीला तो तोट्यातही गेला. त्याच जूनमध्ये इटली युद्धात उतरली."

"मग मौजमजा करणारी पोरं गाढवं होतात हे त्या साली कुणाला सांगत होते हे? खरी पोरं तर शिस्तीत रांगा लावून चालली होती."

डिस्नेला हे कसं ठाऊक असणार, असं मी म्हणू शकलो असतो. कोलोदीचा काळ वेगळा होता, शाळेत न जाणाऱ्या गरिबाच्या पोराच्या नशिबी तेव्हा खरोखरच ओझी वाहणं होतं, हेही सांगता आलं असतं. पण तोवर वहिनींनी भाजी निवडायला घेतली होती आणि विषय मुलांना मोबाइल द्यावा का, इथे पोचला होता. त्यावर आमचं दोघांचंही मत काही खास नाही.

'पिनोकिओ' हा डिस्नेचा सर्वोत्तम चित्रपट आहे, हे माझं मत कायम आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तो जरूर दाखवावा, पाच वर्षांच्या मुलाला मुळीच नाही. वहिनींना यातला दुसरा भाग तेवढा मान्य आहे.