जुळवणारे हात

जालन्याच्या भट्ट्यांत भंगार वितळून सळया होतात. पण सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून चारचाकीच उभी केली, किक मारून सुरू होणारी! २०२२ मध्ये तिच्या बदल्यात उद्योगपती आनंद महिंद्रांनी त्यांना बोलेरो गाडी दिली. मला त्या बोलेरोपेक्षा लोहारांचे हात मोलाचे वाटतात. कारण घरी बांधलेल्या गाडीचा गिअरबॉक्स बदलायचा, तर तयार माप नसते. दुसऱ्या गाडीचा बसवताना त्याचा शाफ्ट क्लचप्लेटच्या मधोमध, सरळ रेषेत यावा लागतो. नुसता जोर लावून बोल्ट आवळले, तर प्लेट वाकते. मग मागच्या शाफ्टची लांबी, गिअरच्या दांड्याची जागा, सगळे नव्याने जुळवायचे. असे कारागीर आपल्याही गॅरेजांत आहेत. आज गाडी नेलीत, तर थोडा वेळ थांबून त्यांचे काम बघा.