सोसायटी भरली का?

रावेरमध्ये कुणी कुणाला 'सोसायटी भरली का?' असं विचारलं, तर तो मेंटेनन्सबद्दल विचारत नसतो. मार्चअखेर जवळ आलेली असते आणि प्रश्न पीककर्जाचा असतो. सोसायटी म्हणजे गावची विविध कार्यकारी सोसायटी, आपली विकासो. तिचं कर्ज भरायचं, नवं-जुनं करायचं, पुन्हा उचलायचं. केळीच्या या तालुक्यात हा शब्द शेतातून घरात आलेला आहे. म्हणूनच आमच्या गल्लीतल्या एका आप्पांना पुण्याच्या मुलानं फोनवर सांगितलं, 'रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, नंतर बोलतो', तेव्हा आप्पांनी काळजीनं विचारलं, 'किती उचललं रे?'

आप्पांना हसण्याचं कारण नाही. दोन्ही सोसायट्या एकाच कायद्याच्या लेकी आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 सालचा. आप्पांची विकासो त्याच्याखाली नोंदलेली आणि मुलाच्या फ्लॅटची सोसायटीही त्याच्याचखाली. गृहनिर्माण संस्थांसाठी त्यात वेगळं प्रकरण घातलं गेलं ते 2019 साली.

गेल्या उन्हाळ्यात आप्पा आणि काकू दोन महिने मुलाकडे राहायला गेले. चैत्राचं ऊन वाया जाताना काकूंना बघवेना. त्यांनी ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे पापड, घातल्या. पहाटे त्यांच्या पिठाचा घाटा शिजवला, वाटीभर समोरच्या दारात दिला, त्यावर तेलाची धार सोडायलाही विसरल्या नाहीत, आणि गच्चीवर धुतलेलं धोतर पसरून बिबड्या थापल्या. दुपारी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याच बिबड्यांचा फोटो आला. खाली मजकूर, 'सामायिक गच्चीचा वैयक्तिक वापर करू नये. उपविधी पाहावेत.' पाठवणारं घर समोरचंच, जिथून घाट्याची वाटी अजून परत आली नव्हती ते. सुनेनं मेसेज वाचून दाखवला. काकू एवढंच म्हणाल्या, 'मले सांगितलं असतं, त मी उचलल्या नसत्या का?'

हे मला आप्पांनी परत आल्यावर ओट्यावर बसून सांगितलं. त्या रात्री या स्तंभासाठी मी एक लेख मनातल्या मनात लिहूनही टाकला. आपली गल्ली कशी चांगली. एकीच्या बिबड्या तीन घरांच्या गच्चीवर कशा वाळतात. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की अंथरुणं गच्चीवर जातात आणि अख्खी गल्ली एका छताखाली, म्हणजे एका आभाळाखाली कशी झोपते. शहरात नियम आहेत, माणसं नाहीत, वगैरे. असे लेख लिहायला सोपे असतात आणि लोकांना आवडतातही.

सकाळी तो लेख मला खोटा वाटला.

कारण एकतर तो मेसेज नियमाला धरून होता. गच्ची सगळ्यांची म्हणजे कुणा एकाची नाही, हे आदर्श उपविधींमध्ये स्पष्ट आहे. आज बिबड्या, उद्या कुणाचा तरी पत्र्याचा शेड, परवा तिथे कुलूप. पुण्या-मुंबईत अशीच गच्ची गिळलेली कितीतरी माणसं सापडतील. आणि दुसरं म्हणजे आमच्या गल्लीला नियम नाहीत हेच मुळात खरं नाही. लिहिलेले नाहीत इतकंच. कोणत्या वाड्यात कोण राहायचं, हे कुठल्या उपविधीत होतं? तरी रावेर काय, सावदा काय, फैजपूर काय, प्रत्येक गावाचा नकाशा जातीच्या रेघांनी आखलेला होता. कुणी कुठल्या विहिरीवर घागर न्यायची, हेही ठरलेलं. नव्या सुनेनं ओट्यावर बसायचं की नाही, भाडेकरूच्या पोरांनी कुणाच्या अंगणात खेळायचं, सगळं ठरलेलं. त्या नियमांना दाद मागायला निबंधक नव्हता. एकीच्या बिबड्या ज्या तीन घरांवर वाळत होत्या, त्या घरांची नावं मी नीट आठवून पाहिली. तिन्ही घरं एकाच भाऊबंदकीतली निघाली.

मग मी उपविधी वाचायला घेतले. रुक्ष असतील असं वाटलं होतं, भाषेनं आहेतही. पण त्यात एक गोष्ट अशी दिसली की मी थांबलो. लिफ्टचा खर्च. इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी तो सारखा द्यायचा, लिफ्ट वापरा अथवा न वापरा. म्हणजे तळमजल्यावरचा माणूस, जो लिफ्टमध्ये फारतर पाहुण्याला सोडायला शिरतो, तोही सातव्या मजल्यावरच्या म्हातारीच्या गुडघ्यांसाठी पैसे भरतो. गच्ची गळली तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चानं. शेवटच्या मजल्यावाल्यानं एकट्यानं भोगायची नाही. मात्र तुमच्या न्हाणीचं पाणी खालच्याच्या छतात उतरलं, तर खर्च तुमचा. सेवा शुल्क घर मोठं असो की लहान, प्रत्येकाला सारखं. पाण्याची आकारणी माणसं मोजून नाही, नळ मोजून. यातलं नळाचं गणित मला पटत नाही. दोन नळांच्या घरात एकटी विधवा राहते आणि दोन नळांच्या दुसऱ्या घरात सहा जण, तरी दोघांचं बिल एक. पण निदान कुणाच्या घरात किती पाहुणे आले हे मोजत कुणी दारात उभं राहत नाही, हाही एक सुटकेचा भाग आहे.

कुणा अधिकाऱ्यानं लिहिलेल्या या कलमांत शेजारधर्म जेवढा आहे, तेवढा आमच्या गल्लीत होता का? तळमजल्यानं सातव्या मजल्याचं ओझं उचलायचं, तेही न सांगता, दरमहा. आमच्याकडे नगरपालिकेचा नळ आला की ज्याची मोटर दणकट त्याच्या टाकीत पाणी, आणि गल्लीच्या शेवटच्या घरी करंगळीएवढी धार. त्याबद्दल कुणी कुणाला बोलत नाही. शेवटचं घर तर अजिबात बोलत नाही.

रावेरच्या माणसाला हे सगळं परकं वाटायला नको. शेजाऱ्यांमधला आपला जुना कायदा बांधाचा आहे. मामलेदार न्यायालयांचा अधिनियम 1906 सालचा, म्हणजे मुंबईतल्या पहिल्या गृहनिर्माण सोसायटीहून जुना. जमीन महसूल संहिता 1966 ची. तिच्या कलम 143 खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतात. केळीवाल्याला याचं मोल सांगावं लागत नाही. घड तयार झाला, व्यापाऱ्याचा ट्रक आला, पण तो शेतापर्यंत जात नसेल तर मजुरांनी घड डोक्या-खांद्यावरून रस्त्यापर्यंत वाहायचे, मजुरी वाढते, माल खरचटतो, आणि व्यापारी भाव पाडतो. ज्याचं शेत रस्त्यालगत आहे, त्याला या कलमाची गरज कधीच पडत नाही. तो म्हणतो, कायद्यात कशाला जाता, आपसात बोलून घेऊ. आतल्या शेतवाला गप्प बसतो, कारण आपसात बोलून तो दहा वर्षं थकलेला असतो.

इथे मला काकूंच्या बिबड्यांचा गुंता थोडा सुटल्यासारखा वाटतो. आपण समजतो की बोलणं चांगलं आणि नियम वाईट. किंवा सुशिक्षित असलो तर नियम चांगला आणि बोलणं म्हणजे खेडवळपणा. प्रश्न तो नाहीच. प्रश्न असा की काकू आणि समोरची बाई, या दोघींत बोलणं कुणाला परवडत होतं? समोरच्या दारातली बाई सभासद होती, ग्रुपवर होती, मराठी-इंग्रजी दोन्ही लिहीत होती. तिला दोन पावलं चालून सांगता आलं असतं. नियम काढायची गरज पाहुणी म्हणून आलेल्या, ग्रुपवर नसलेल्या, आपलं बोलणं इथे चालेल का या धास्तीत असलेल्या काकूंना पडू शकली असती. झालं उलटं. ज्याला बोलता येत होतं त्यानं नियम काढला, आणि जिला नियमाचा आधार हवा होता तिच्यावरच तो पडला. माझं मत सरळ आहे. ज्याचा आवाज मोठा आहे त्यानं आधी दार वाजवावं. उपविधी पहिल्या झटक्यात काढण्याचा हक्क लहान आवाजाच्या माणसाचा.

आणि लहान आवाजाला नियम लागतोच. भाड्यानं दिलेल्या घरांवर सोसायट्या मनाला येईल ती रक्कम लावत होत्या. 2001 साली शासनानं बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांवर बांधलं, तेव्हा कुठे ते थांबलं. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद हे 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी सांगितलं, म्हणून तर हळदीच्या डीजेपुढे परीक्षेला बसलेल्या पोराचा बाप निदान पोलीस ठाण्यात फोन करू शकतो. करतो की नाही, ही गोष्ट वेगळी. आमच्याकडे नवरदेव भाऊबंदातला असतो.

पण नियमच कुणाला बाहेर ठेवण्यासाठी लिहिला गेला तर? या प्रश्नाचं मूळ जुनं आहे. 1915 साली मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली, तिच्यामागे श्रीपाद सुब्राव तालमकी होते. घरांच्या टंचाईत मध्यमवर्गानं एकत्र येऊन घर मिळवायचं, ही मोठी कल्पना होती आणि ती मोठीच आहे. पण नावातच एक समाज होता. आपली भाषा, आपलं जेवण, आपले सण, म्हणून आपले शेजारी. त्यात वाईट हेतू नसतो, आणि तरी भिंत उभी राहते. 2005 साली अहमदाबादच्या झोरास्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा उपविधी वैध मानला. आमच्या 1960 च्या कायद्याचं कलम 23 मात्र म्हणतं की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येणार नाही. 2023 च्या सप्टेंबरात मुलुंडमध्ये एका मराठी बाईला मराठी म्हणून जागा नाकारल्याची बातमी आली आणि आपण सगळे पेटलो. बरोबर पेटलो. फक्त त्याच आठवड्यात आपल्या कॉलनीत प्लॉट कुणाला विकायचा नाही याची जी कुजबुज चालू होती, ती कुणाच्या कानाला टोचली नाही.

रावेरनं दंगल पाहिली आहे, संचारबंदी पाहिली आहे. त्यानंतर कॉलन्या आणखी 'आपल्या-आपल्या' होत गेल्या. नवीन ले-आउट पाडताना साधारण 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. आपण तिला ओपन स्पेस म्हणतो. कागदावर ती सगळ्यांची. प्रत्यक्षात कॉलनी एका रंगाची असली की तिथे काय बांधायचं यावर कधी वाद होत नाही, आणि वाद झाला नाही याला आपण एकोपा म्हणतो. पोरांना क्रिकेट खेळायला जागा उरत नाही, तेवढंच.

बऱ्हाणपूर रोडकडच्या बाजूला आता दोन-चार मजली अपार्टमेंट होत आहेत. पाच-सात वर्षांत 'सोसायटी भरली का?' याचे दोन अर्थ आमच्या गावातही होतील. त्या वेळी कुणी आपल्याला आयते उपविधी देईल, मागे ठरावाचा नमुना जोडून. अध्यक्ष बहुधा तोच होईल ज्याची गल्लीत मोटर सगळ्यात दणकट होती.

समोरच्या घरानं घाट्याची वाटी परत केली का, हे मी आप्पांना विचारलं. केली. रिकामी नाही, साखर घालून. फोटो टाकणाऱ्या बाईंना बहुतेक स्वतःलाच बरं वाटलं नव्हतं. पण ग्रुपवरचा मेसेज तिथेच आहे, आणि काकू यंदा पुण्याला गेल्या नाहीत.

वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना नोटीस येईल, किंवा मुलांना येईल आणि ती फोनवर सांगतील. भाडेकरूंना येणार नाही. त्यांना मत नाही. मुलाकडे राहायला आलेल्या आई-बापांनाही नाही. तर सभेच्या आदल्या संध्याकाळी आपल्या मजल्यावरच्या अशा एका दारावर जा आणि गच्चीचं, पाण्याचं, पार्किंगचं काही म्हणणं आहे का ते विचारून घ्या. मग सभेत ते तुमच्या तोंडानं मांडा.