गल्लीतला 'मी' आणि त्याचे उत्तरदायित्व

मुंबईतील रॅपची चर्चा होते तेव्हा 'अस्सलपणा' हा शब्द मूल्यनिकष म्हणून वापरला जातो. कुर्ल्याच्या नेझीचे 'आफत' (२०१४) आणि अंधेरीच्या डिव्हाइनसमवेत त्याने केलेले 'मेरे गली में' (२०१५) या गाण्यांचा गौरव याच निकषावर झाला. परंतु अस्सलपणा म्हणजे नेमके काय, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचाही आहे.

मराठी समीक्षेला हा प्रश्न नवा नाही. दलितेतर लेखक दलित साहित्य निर्माण करू शकतो काय, या वादाच्या मुळाशी अनुभवाच्या अधिकाराचाच मुद्दा होता. मात्र छापील कवितेतील 'मी' कवीहून वेगळा मानण्याची मुभा वाचकाला असते. रॅपचा संकेत ही मुभा सहजी देत नाही. शब्द रचणारा आणि उच्चारणारा एकच असावा, अशी येथे अपेक्षा असते. दुसऱ्याने लिहून दिलेले शब्द स्वतःचे म्हणून गाणे कमीपणाचे ठरते. अभंगातील किंवा पोवाड्यातील नाममुद्रेप्रमाणे रॅपरही गाण्यात आपले नाव उच्चारतो. हा 'मी' म्हणजे एक ग्वाही असते.

झोया अख्तर यांच्या 'गली बॉय' (२०१९) या चित्रपटात ही ग्वाही हस्तांतरित झाली. नेझी व डिव्हाइन यांच्या जीवनावरून स्फुरलेला नायक मुराद धारावीत राहतो आणि त्याची गाणी रणवीर सिंग स्वतःच्या आवाजात गातात. अभिनय म्हणजे फसवणूक नव्हे. मूळ कलावंतांना श्रेय आणि सहभागही मिळाला होता. प्रश्न श्रेयाचा नाहीच. कुर्ला आणि अंधेरी यांच्या जागी धारावी आली, तेव्हा विशिष्ट गल्लीचा 'मी' साऱ्या गल्ल्यांचे प्रतीक झाला. आणि प्रतीकाला कोणी जाब विचारू शकत नाही. गल्लीतल्या गायकाला मात्र दुसऱ्या दिवशी त्याच नाक्यावर उभे राहावे लागते.

मग 'ज्याचे जळते त्यालाच कळते' एवढ्यावर थांबावे काय? तसे केल्यास अस्सलपणा जन्माच्या दाखल्यात कोंडला जातो. गरिबीतून आलेल्या कलावंताने आयुष्यभर गरिबीच गावी अशी सक्ती होते आणि यश मिळताच तो नकली ठरतो. ही मागणी बहुधा गल्लीबाहेरच्या श्रोत्याचीच असते.

'स्वदेशी' या मुंबईतील गटाचे 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे या पेचातून वेगळी वाट काढते. आरेतील वारली समाजाची व्यथा मांडताना या तरुणांनी आदिवासींचा 'मी' उसना घेतला नाही. तेथील रहिवासी प्रकाश भोईर यांच्या आवाजालाच गाण्यात स्थान दिले. मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेतील झाडे तोडली गेली, तेव्हा ती हानी ज्यांच्या दारात घडली त्यांच्यापैकीच एक या गाण्याचा साक्षीदार होता.

यावरून असे म्हणता येईल की, अस्सलपणा हा उगमाचा गुण नसून संबंधाचा गुण आहे. कलावंत कोठून आला, यापेक्षा ज्यांच्याविषयी तो बोलतो त्यांना त्याला खोडून काढता येते काय, हा प्रश्न अधिक मूलभूत होय.